मारिओ जन्मला तो गोदामात पडून राहिलेल्या मालामुळे! व्हिडिओ गेम कंपन्या निर्णय घेतात तरी कसे?

१९८१ सालची गोष्ट. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'रडार स्कोप' नावाच्या आर्केड गेमची सुमारे ३ हजार मशिन्स अमेरिकेसाठी बनवली होती. जहाजातून माल तिकडे पोहोचेपर्यंत लोकांची आवड बदलली. कशीबशी हजारेक मशिन्स खपली, बाकीची गोदामात धूळ खात पडली. निन्टेन्डोचं अमेरिकेतलं ऑफिस नुकतंच सुरू झालं होतं. हा माल तसाच पडून राहिला असता तर ते बंद पडायची वेळ आली असती.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ठरवलं की मशिन तेच ठेवायचं, फक्त आतला गेम बदलायचा. हे काम मिळालं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला. त्याने तोवर एकही गेम स्वतंत्रपणे बनवला नव्हता. आधी पॉपाय या कार्टूनवर गेम करायचा विचार होता, पण हक्क मिळाले नाहीत. मग मियामोतोने पात्रं बदलली. पॉपायच्या जागी एक सुतार आला, दांडगट ब्लूटोच्या जागी गोरिला आला आणि ऑलिव्हच्या जागी दुसरी एक तरुणी. गेमचं नाव 'डाँकी काँग'. तो तुफान चालला आणि त्यातला सुतार पुढे 'मारिओ' म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

त्या मारिओला मिशी का आहे? तर तेव्हाच्या पडद्यावर इतक्या कमी ठिपक्यांत तोंड नीट काढता येत नव्हतं. आणि टोपी का? केस काढणं अवघड होतं म्हणून.

यातला धंद्याचा निर्णय कुठे संपला आणि कलेचा कुठे सुरू झाला, हे वेगळं करून सांगणं कठीण आहे. गेमच्या धंद्यात आजही तसंच चालतं. फक्त आता एका निर्णयावर कोट्यवधी डॉलर आणि शेकडो लोकांच्या नोकऱ्या लागलेल्या असतात.

गेमचा धंदा सिनेमापेक्षा वेगळा कसा?

सिनेमाची पटकथा वाचून अनुभवी निर्मात्याला थोडाफार अंदाज येतो. गेमचं तसं नाही. कागदावर भारी वाटणारी कल्पना हातात कंट्रोलर आल्यावर कंटाळवाणी निघू शकते आणि कागदावर बावळट वाटणारी कल्पना रात्रभर जागवू शकते. मजा येते की नाही, हे खेळल्याशिवाय कळत नाही आणि खेळायचं तर आधी गेम बनवावा लागतो.

त्यामुळे जाणत्या कंपन्या आधी कच्चा नमुना, म्हणजे प्रोटोटाइप बनवतात. निन्टेन्डोच्या 'स्प्लाटून' या गेमची सुरुवात टोफूच्या तुकड्यांसारखे दिसणारे ठोकळे एकमेकांवर शाई उडवतात, एवढ्यावरच झाली होती. पात्रं, कपडे, शहर, गोष्ट हे सगळं नंतर आलं. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा तर डोंगरदऱ्यांनी भरलेला भव्य त्रिमितीय गेम. पण त्यातली आग, वारा, लाकूड यांचे एकमेकांवर होणारे परिणाम तपासायला टीमने आधी जुन्या पद्धतीचा साधा सपाट गेम करून पाहिला. झाड तोडलं, ओंडका पाण्यात तरंगला, की कल्पना चालते हे कळलं.

नमुना आवडला की वरिष्ठ हिरवा कंदील दाखवतात. मग टीम वाढते आणि खर्चाचं मीटर जोरात पळू लागतं. इथून पुढे प्रत्येक महिना म्हणजे टीममधल्या सगळ्यांचा पगार. म्हणून या धंद्यातले बहुतेक मोठे निर्णय शेवटी वेळेचे असतात. किती वेळ द्यायचा, कधी बाजारात आणायचं आणि कधी थांबायचं.

पैसा कोणाचा, शब्द कोणाचा?

गेम बनवतो तो डेव्हलपर. पैसा घालतो, जाहिरात करतो आणि विकतो तो पब्लिशर. आणि ज्याच्या दुकानातून गेम विकला जातो तो प्लॅटफॉर्म, म्हणजे स्टीम, प्लेस्टेशन, निन्टेन्डो, ॲपल, गुगल. काही वेळा तिन्ही एकच कंपनी असते, पण छोट्या स्टुडिओसाठी हे तिघे वेगळे असतात.

पब्लिशर सगळे पैसे एकदम देत नाही. टप्पे ठरतात. अमुक तारखेला अमुक भाग खेळता आला पाहिजे, तरच पुढचा हप्ता. गेम बाजारात आला की दुकानदार आधी आपला वाटा कापतो. स्टीमवर हा वाटा सुरुवातीला ३० टक्के असतो, मोठी विक्री झाली की कमी होतो. मग पब्लिशर बहुधा आपला घातलेला पैसा वसूल करतो आणि त्यानंतर डेव्हलपरच्या हातात काही पडतं. ज्याच्याकडे पुढच्या सहा महिन्यांचे पगार द्यायला पैसे नाहीत, त्याला पब्लिशरची 'सूचना' नाकारणं जड जातं.

पुण्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवायला घेतला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, देव-असुरांच्या कथा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टीमने काम सोडलं नाही. पुढे पब्लिशर मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला, मग ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी.

आधी एकाच ठिकाणी का? तर अशा वेळी छोट्या गेमला त्या प्लॅटफॉर्मच्या कार्यक्रमात जागा मिळते, नाव लोकांपर्यंत पोहोचतं. रोज ढिगाने नवे गेम येत असताना 'दिसणं' हीच छोट्या स्टुडिओची सगळ्यात मोठी अडचण असते. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठीच्या नामांकनांत राजीचं नाव होतं.

कोणत्या मशिनवर जायचं, हाही कलेचाच निर्णय

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत 'फायनल फँटसी' ही मालिका निन्टेन्डोच्या कन्सोलवर येत होती. ती बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीला सातव्या भागात सिनेमासारखी चलचित्र दृश्यं हवी होती. त्यासाठी जागा लागणार होती भरपूर. सोनीचं नवं प्लेस्टेशन सीडीवर चालत होतं आणि एका सीडीत साधारण ६५० एमबी मावत होते. निन्टेन्डोने मात्र नव्या कन्सोलसाठीही कार्ट्रिजच ठेवायचं ठरवलं होतं. आपल्याकडे जिला सगळे 'कॅसेट' म्हणायचे, तीच ही कार्ट्रिज. ती झटपट लोड व्हायची आणि तिची नक्कल करणं अवघड होतं. पण ती बनवायला महाग होती आणि तिच्यात जागाही फार कमी होती.

१९९६ मध्ये स्क्वेअरने प्लेस्टेशनकडे जाण्याचं जाहीर केलं. १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर आला आणि पुढे त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. पहिलं प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेलं, निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबलं. याला कारणं अनेक होती, पण कार्ट्रिजचा निर्णय त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. यामाउचींचा निर्णय अविचारी नव्हता. फक्त कलाकारांना पुढे काय करायचं आहे, याचा हिशेब त्यात कमी पडला.

पैसे कसे घ्यायचे हे ठरलं, की गेमही बदलतो

एकदाच किंमत घेऊन विकायचा असेल तर गेमला चांगली सुरुवात आणि चांगला शेवट लागतो. फुकट द्यायचा असेल तर शेवट परवडत नाही. खेळाडू रोज परत आला पाहिजे. मग रोजची बक्षिसं येतात, सीझन येतात, स्किन्स येतात. बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

एपिक गेम्सच्या 'फोर्टनाइट'ची घोषणा २०११ मध्ये झाली होती. तेव्हा तो किल्ले बांधून झाँबींना रोखण्याचा गेम होता. तो विकत घेण्याच्या स्वरूपात यायला २०१७ चा जुलै उजाडला. त्याच वर्षी मार्चमध्ये पबजी आला होता आणि १०० जणांतून शेवटी एकच उरणार, या प्रकाराने जगाला वेड लावलं होतं. एपिकने बांधकामाची आपली कल्पना तशीच ठेवली, तिला पबजीसारखा साचा जोडला आणि अवघ्या काही आठवड्यांत नवा भाग तयार करून २६ सप्टेंबर २०१७ ला फुकट सोडला. दोन आठवड्यांत एक कोटी लोक खेळून गेले. ॲपलविरुद्धच्या खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांनुसार २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत फोर्टनाइटने ९०० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली.

उलट बाजूही त्याच वर्षी दिसली. ईए कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये लूट बॉक्स होते. म्हणजे पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. मूळ गेमचे पूर्ण पैसे मोजूनही डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला कित्येक तास घासावं लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला आणि सोशल मीडियावर आग लागली. गेम बाजारात यायला काही तास उरले असताना ईएने आतली पैशांची खरेदी तात्पुरती बंद केली. पुढे ती परत आली, पण पैसे देऊन ताकद विकत घेता येणार नाही, या अटीवर. २०१८ मध्ये बेल्जियममध्ये अशा काही पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात, असं तिथल्या आयोगाने सांगितलं.

घाई केली तर काय होतं?

नाताळ हा पाश्चात्त्य देशांत गेम खपण्याचा हंगाम. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आकडेही दाखवायचे असतात. त्यामुळे तारीख बऱ्याचदा गेम तयार होण्याआधीच ठरते.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८२ चं. अटारीने स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ई.टी.' या सिनेमाचे हक्क मोठी किंमत देऊन घेतले. बोलणी लांबली आणि नाताळ गाठायचा तर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या डेव्हलपरच्या हातात जेमतेम पाच आठवडे उरले. एरवी अशा गेमला अनेक महिने लागत. गेम सुरुवातीला खपला, पण लोक वैतागले आणि लाखो प्रती परत आल्या. न विकलेला बराच माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो इथल्या कचरा डेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं, तेव्हा त्या कार्ट्रिज खरोखर सापडल्या. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. त्याला हा एकच गेम कारण नव्हता, पण बाजारात न तपासलेला माल ओतण्याची सवय मात्र होती.

जवळपास चाळीस वर्षांनी पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने तीच वाट धरली. 'सायबरपंक २०७७'ची तारीख २०२० मध्ये तीनदा पुढे गेली आणि अखेर १० डिसेंबरला गेम आला. चांगल्या कॉम्प्युटरवर तो बरा चालत होता. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर मात्र अक्षरशः अडखळत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. कंपनीने पुढची जवळपास तीन वर्षं दुरुस्तीला दिली, २०२३ मध्ये 'फँटम लिबर्टी' हा नवा भाग आणला आणि गेलेलं नाव बऱ्याच अंशी परत मिळवलं.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आधी २०१५ मध्ये येणार होता. निन्टेन्डोने तो २०१७ पर्यंत लांबवला. पण अशी वाट बघायला तिजोरीत पैसा लागतो. छोट्या स्टुडिओला उशीर परवडत नाही, त्याच्यासाठी उशीर म्हणजे कधीकधी टाळं.

सगळ्यात अवघड निर्णय: थांबायचं

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचे 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' आणि 'ब्रॉल स्टार्स' बहुतेकांना माहीत असतील. तिने मधल्या मधे बंद केलेले गेम फारसे कुणाला माहीत नसतात, आणि त्यांची संख्या बाजारात आलेल्या गेमपेक्षा जास्त आहे. तिथे छोट्या टीम असतात. गेम आधी एक-दोन देशांत सोडून पाहतात, आकडे जमले नाहीत की बंद. तो निर्णय मुख्यतः टीमच घेते. गेम बंद केला की शॅम्पेन उघडायची तिथली प्रथा प्रसिद्ध आहे. अपयश साजरं करायचं म्हणून नव्हे, त्यातून जे शिकायला मिळालं त्यासाठी.

अमेरिकेच्या ब्लिझार्डने 'टायटन' नावाच्या प्रचंड ऑनलाइन गेमवर सात वर्षं घालवली आणि २०१४ मध्ये तो रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याच टीममधल्या काही लोकांनी उरलेल्या कल्पनांतून 'ओव्हरवॉच' उभा केला. तो २०१६ मध्ये आला आणि गाजला.

सोनीच्या 'काँकॉर्ड'ला असं वेळेत कुणी थांबवलं नाही. अनेक वर्षं काम चालू असताना बाजार बदलला. त्याच प्रकारचे 'ओव्हरवॉच २' आणि 'व्हॅलोरंट' फुकट मिळत होते, काँकॉर्ड मात्र ४० डॉलरला आला. २३ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोनच आठवडे! विकत घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले. ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही सोनीने बंद केला.

महाराष्ट्राशी थेट जोडलेलं उदाहरण आहे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचं. २००३ च्या या लाडक्या गेमला नवं रूप द्यायचं काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे सोपवलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवर जोरदार टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, नंतर तारीखच उरली नाही. २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, जिथे मूळ गेम बनला होता. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो रद्दच केला. पहिल्या ट्रेलरपासून पाच वर्षांहून जास्त काळ तळ्यात-मळ्यात गेला.

चुकलेल्या निर्णयाची किंमत कोण मोजतं?

बऱ्याचदा ज्यांनी निर्णय घेतला नाही, ते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६,८७० कोटी डॉलरच्या व्यवहारात घेतली. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना कामावरून कमी केलं. मे महिन्यात टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. त्याचा 'हाय-फाय रश' हा गेम तर समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. म्हणजे चांगलं काम केलं म्हणून नोकरी टिकेल, याची खात्री नाही. पुढे त्या स्टुडिओला आसरा दिला क्राफ्टनने, म्हणजे बीजीएमआयवाल्या कोरियन कंपनीने.

दुसरी किंमत खेळाडू मोजतात. युबिसॉफ्टने 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना सुरूच करता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकत घेतलेला गेम कंपनीच्या एका निर्णयाने नाहीसा व्हावा का, हा प्रश्न आता तिथल्या राजकारण्यांपर्यंत पोहोचला आहे.

वेगळं वागता येतं का? निन्टेन्डोचं 'वी यू' हे कन्सोल आपटलं, जेमतेम १ कोटी ३५ लाख विकलं गेलं. २०१४ मध्ये अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. माणसं कमी करा, या मागणीला त्यांनी नकार दिला होता. डोक्यावर नोकरीची टांगती तलवार असलेल्या माणसांच्या हातून लोकांना आनंद देणारं काही घडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इवाता स्वतः प्रोग्रॅमर होते. जुलै २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या काळात सुरू झालेलं 'स्विच' मार्च २०१७ मध्ये बाजारात आलं, त्याच दिवशी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ही आला. स्विच आजवर १५ कोटींहून जास्त विकलं गेलं आहे.

निन्टेन्डोकडे तेव्हा साठवलेला पैसा होता म्हणून हे जमलं, हेही खरंच. पण वी यू आपटल्यावर जी माणसं तिथे टिकली, त्यांतल्या अनेकांनी स्विचसाठी काम केलं. पुढच्या वेळी एखाद्या गेमची तारीख पुढे गेल्याची बातमी फीडमध्ये दिसली, की कमेंटमध्ये कंपनीला शिव्या पडतातच. अशा बातमीत दोन गोष्टी बघण्यासारख्या असतात. वाढीव वेळ गेम नीट करण्यासाठी दिला आहे का, आणि तो बनवणारी माणसं अजून तिथे आहेत का.